मन जड असताना झाडं लावायची म्हणजे नेमकं काय करायचं? बेळगाव-निपाणी-खानापूर भागातनं वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या मांडवात, भाजी घेताना गणपत गल्लीत उभं करून विचारलेले आहेत. विचारणाऱ्यांत कोणाचं माणूस गेलंय, कोणाची नोकरी सुटलीय, कोण आईच्या आजारपणात वर्षभर अडकून पडलंय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवते. माझं सगळ्यांना सांगणं एकच असतंय, वाईट दिवसांत दाराबाहेर एकच जिवंत गोष्ट ठेवा जिच्याकडं रोज थोडं बघावं लागतंय, ती दिसायला कशी का असेना.

झाडं लावून मनाला खरंच बरं वाटतंय, की उगी बोलायचं म्हणून बोलतात?

वाटतंय, आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला, त्यात ३० जणांना आधी ताण येईल असं काम करायला लावलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम दिलं आणि निम्म्यांना आत बसून वाचायला दिलं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतंय, ते दोन्हीकडं उतरलं पण बागेतल्यांचं जास्त उतरलं, आणि मूडही त्यांचाच पूर्ण जागेवर आला. माणसं तीसच होती आणि सगळी आधीपासनं बाग करणारी, तेवढं लक्षात ठेवून वाचा. नंतर २०१७ मध्ये अशा २२ अभ्यासांचा मिळून आढावा घेतला गेला, त्यातही नैराश्य आणि चिंता कमी होण्याकडंच कल दिसला. १९८४ चा अमेरिकेतला अभ्यास मला सगळ्यात आवडतोय: पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, त्यातल्या ज्यांच्या खिडकीतनं झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरातली पेनकिलर कमी लागली. नुसती झाडं दिसून एवढं होतंय, मग हातानं लावल्यावर काय ते बघा की.

असं का होतंय तर एक कारण नाही. ऊन अंगावर येतंय, वाकणं-उठणं होतंय, डोक्यात जे गरगर फिरत असतंय ते पाच मिनिटं बाजूला पडतंय कारण तुम्ही पानाखाली मावा कीड आहे का बघत असता. आणि परवा पेरलेलं आज वर आलेलं दिसतंय. वाईट काळात आपण केलेल्या कशाचा काही उपयोग होतोय असं वाटतच नाही, तिथं हे फार मोठं आहे.

अंथरुणातनं उठायची इच्छा नाही, त्यात बाग कुठली करणार?

बाग करूच नका. एक कुंडी ठेवा, आणि ती अशा जागी ठेवा जिथं तुम्ही तसंही जाताच, म्हणजे मोरीच्या बाहेर, ब्रश करायला उभं राहता तिथं, चपला काढता तिथं. गच्चीवर ठेवली की जाणार नाही, हे आधीच धरून चाला. काम एवढंच की सकाळी मातीत बोट घालून बघायचं, कोरडी असेल तर तांब्याभर पाणी ओतायचं, ओली असेल तर नुसतं बघून आत यायचं. ज्या दिवशी तेवढंही झालं नाही त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घालायचं, आणि त्यावरनं बोलायचं नाही.

नैराश्यावरच्या उपचारात डॉक्टर लोक हेच वेगळ्या प्रकारे करून घेतात, मूड येईल मग काम करीन असं न थांबता आधी बारीकसं काम ठरवून करायचं आणि मूड मागनं येऊ द्यायचा. घरातल्यांना एक विनंती: "ऊठ, जरा झाडांना पाणी घाल, बरं वाटेल" असं दिवसातनं चारदा म्हणू नका. त्यानं झाडाचाच राग यायला लागतोय. तुम्हीच कुंडीपाशी जाऊन "अगं, कोंब आलाय बघ" म्हणा, यायचं असेल तर येतील.

पहिलं काय लावू?

मेथी. डोळे झाकून मेथी. घरातल्या डब्यातली मूठभर घ्यायची, रात्री भिजत घालायची, सकाळी पसरट डब्यात किंवा फुटक्या टबात मातीवर विसकटून वर बोटाच्या पेरापेक्षा कमी माती टाकायची. तीन ते पाच दिवसांत उगवतीय, २५-३० दिवसांत भाजी होतीय, आणि मन खचलेलं असताना माणसाला एवढाच धीर असतोय. आंब्याची कोय लावून सात वर्षं थांबायची ही वेळ नव्हे.

मेथीनंतर लाल माठ, तोही महिन्याभरात काढायला येतोय. मुळा लवकर उगवतोय. कोथिंबीर जरा नखरा करतीय, धणे चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायच्या, मग पेरायचं, तरी आठ-दहा दिवस मातीवर काहीच दिसत नाही, म्हणून ती दुसऱ्या फेरीला. पुदिना आणि गवती चहा तर शेजारणीकडनं मुळासकट एक काडी आणली की झालं. फुलं पाहिजेत तर झेंडू, रोप लावल्यापासनं दोनेक महिन्यांत फुलतोय, दसऱ्याला घरचा हार करायचा असेल तर जुलै संपायच्या आत रोपं लावा.

आणि आपल्या भागाचं खास म्हणजे रताळं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडं तांबड्या मातीत रताळ्याची शिवारंच्या शिवारं असतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण एका सिमेंटच्या पोत्यातही ते येतंय हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. पोतं स्वच्छ धुवायचं, खाली भोकं पाडायची, माती-शेणखत भरायचं, मृगाचा पाऊस पडला की वेलाचे वीतभर तुकडे आडवे खुपसायचे. चार महिने वेल नुसता पसरतोय, काही करावं लागत नाही, पाला कोवळा असताना भाजीही होतीय. मग पोतं उलटं करायचं त्या दिवशी घरातली सगळी जमतात.

गुलाब पहिल्यांदा लावू नका. महागाचा असतोय, कीड पडतीय, काळे डाग येतात, आणि मन आधीच हळवं असताना ते सोसत नाही. गुलाब पुढच्या वर्षी.

आमच्याकडं परडं नाही, भाड्याची खोली आहे. चालतंय का?

चालतंय की. तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापला की मेथीचा वाफा झाला. ऊन किती येतंय ते बघा, पालेभाजीला तीन-चार तास पुरतंय, टोमॅटो-मिरचीला पाच-सहा तास लागतंय. गच्चीवर मांडायचं असेल तर मालकाला आधी विचारा आणि वजनाचा अंदाज ठेवा, एक घनफूट ओली माती ४५-५० किलोपर्यंत भरतीय, दहा मोठ्या कुंड्या एका कोपऱ्यात रचू नका, भिंतीच्या कडेनं पसरून ठेवा. पाणी झिरपून खालच्या घरात उतरलं की भांडण होतंय, आणि सध्या तुम्हाला भांडण नको आहे.

माती कुठली घ्यायची?

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती पाणी पटकन सोडतीय पण कस कमी, वाळली की दगडासारखी घट्ट होतीय. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडची काळी माती पाणी धरून ठेवतीय, कुंडीत चिखल होऊन मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. तांबडीत दोन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. काळीत तेवढंच खत, वर एक घमेलं वाळू किंवा राईस मिलमधलं भाताचं तूस. चिकोडी-रायबागकडं साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ, मिळतीय, ती जुनी, कुजलेली, वास गेलेली असेल तरच वापरा, ताजी गरम असतीय. ताजं शेण पण नको.

लावलेलं झाड मेलं. आता तर अजून वाईट वाटायला लागलंय, माझ्या हाताला काही लागतच नाही असं वाटतंय.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतोय, आणि विचारणाऱ्याचा आवाज ऐकून कळतंय की तो झाडाबद्दल बोलत नाहीय.

दहातली आठ झाडं जास्त पाण्यानं मरतात असा माझा अंदाज आहे. काळजी करणारी माणसं पाणी जास्त घालतात, हे साहजिक आहे, काहीतरी करत राहावं असं वाटत असतंय. पान पिवळं पडलं की लोकांना वाटतंय तहान लागलीय, अजून पाणी घालतात. मुळांना हवा पण लागतीय, सगळी माती पाण्यानं भरली की ती गुदमरतात. म्हणून बोट घालून बघायचं, दोन पेरं खोल ओल लागली तर घालायचं नाही. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा, भोक बुजलंय का अधूनमधून बघायचं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं झड लागली की कुंड्या पत्र्याखाली, वळचणीपासनं लांब.

आणि काही झाडं सगळं नीट करूनही मरतात. नर्सरीतनंच बुरशी घेऊन आलेली असतात, नाहीतर मूळ तुटलेलं असतंय. शेतात पिढ्यान् पिढ्या पेरणारी माणसंसुद्धा बी मोजून टाकत नाहीत, थोडं पाखरांचं, थोडं किड्यांचं धरूनच टाकतात. तुम्हीपण एकाच रोपावर सगळा जीव लावू नका, एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या डब्यांत पेरा, एक गेलं तर बाकीचे असतात. मेलेलं झाड डोळ्यासमोर ठेवायचं नाही, उपटून माती उन्हात पसरायची, आठवड्यानं खत मिसळून त्याच कुंडीत मेथी टाकायची.

बाबा गेल्यापासनं त्यांच्या परड्यात पाय ठेववत नाही. सगळं वाळायला लागलंय, ते बघून अजून त्रास होतोय.

पहिलं, तुम्हालाच जायला पाहिजे असं नाही. शेजारच्या काकूंना, भाच्याला, कामाला येणाऱ्या मावशींना सांगा, महिनाभर पाणी घालतील. लोकांना मदत करायची असतीय पण काय करू ते कळत नसतंय, असं नेमकं काम दिलं की ते मनापासनं करतात.

दुसरं, घाईनं तोडू नका. नातेवाईक येऊन म्हणतात की "एवढं कोण बघणार, फरशी करून टाक", त्यांचं मन वाईट नसतंय, पण निदान एक पावसाळा जाऊ द्या.

तिसरं मला फार महत्त्वाचं वाटतंय, त्या झाडांची रोपं करा. पावसाळ्यात जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी वीतभर कापून, खालची पानं काढून, ओल्या मातीत सावलीला खुपसली की महिन्या-दीड महिन्यात मूळ धरतीय. मोगऱ्याची खालची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, दीड-दोन महिन्यांनी मूळ फुटलं की आईच्या झाडापासनं कापून वेगळी कुंडी. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या हातावर चोळून टाकल्या की पुरे. मग ती रोपं भावाला, पुण्याच्या बहिणीला, बाबांच्या मित्रांना द्या. वर्षश्राद्धाला स्टीलची भांडी वाटतात त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. परडं तुमच्याकडनं नाही राखलं गेलं तरी त्यांनी लावलेलं चार घरी वाढत असतंय, आणि मग परड्यात जायचं ओझं पण आपोआप हलकं होतंय असं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

मिस्टर जाऊन सहा महिने झाले. मोगरा, अबोली लावावी असं मनात आहे पण लोक नावं ठेवतील.

लावा ताई. लावा, आणि फुललं की माळा पण. ज्या बाईचं सगळं गेलंय तिच्यापासनं फुलंसुद्धा काढून घ्यायची ही रीत कोणाच्या भल्याची नव्हती. बॉर्डरच्या पलीकडंच महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आपल्यासारखंच शेतकऱ्यांचं गाव आहे ते. लगेच केसात माळायचं धाडस होत नसेल तर देवाला घाला, पाण्याच्या वाटीत उशाशी ठेवा, शेजारच्या पोरींना द्या. नावं ठेवणारी चार दिवस ठेवतात, नंतर तीच अबोलीची रोपं मागायला येतात.

घरात आजारी माणूस आहे, मला श्वास घ्यायला वेळ नाही.

मग तुमच्यासाठी कुंडी ही बाहेर जायचं निमित्त. "पाणी घालून येते" म्हणून दहा मिनिटं दार ओढून बाहेर थांबा, कोणी काही म्हणत नाही. आजारी माणसाला पडल्या पडल्या दिसेल असं एक झाड खिडकीत ठेवा, उठून बसता येत असेल तर धणे रगडायला, शेंगा सोलून बी काढायला द्या. फक्त केमो चालू असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील, तर माती आणि खतात हात घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा, मातीतल्या बुरशीनं अशा पेशंटना इन्फेक्शन होऊ शकतंय.

आम्ही शेतकरीच, दिवसभर मातीतच असतोय. आम्हाला कसली शांती मिळणार?

बरोबर आहे तुमचं. ज्या रानावर कर्ज आहे, ज्या उसाचं बिल अडकलंय, ज्या बटाट्याला दर नाही, त्या रानात मन कसं रमणार, तिथं तर प्रत्येक सरीत हिशोबच दिसतोय. म्हणून घराजवळ हात-दोन हात जागा अशी ठेवा जिथलं काहीच विकायचं नाही. घेवड्याचा वेल, दोन वांगी, देवाला फुलं, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसानं किंवा पोरानं ठरवायचं काय लावायचं ते. दर नाही, उतारा नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. घरात कोणी मनानं खचलेलं असेल तर शेतातली फवारणीची औषधं घरात ठेवू नका. शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या, नाहीतर भावकीत कोणाकडं तरी ठेवायला द्या. तो वाईट क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचाच असतोय, त्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतोय.

झाडांनी बरं वाटतंय तर गोळ्या बंद करू का?

नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, कमी पण करायच्या नाहीत. काही गोळ्यांवर ऊन आणि घाम सोसत नाही, त्यामुळं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा, पाणी पीत राहा, आणि उन्हात काम करतोय हे डॉक्टरांना सांगा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, किंवा जगू नये असं मनात येतंय, तर कुंडीवर सोडून देऊ नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासनं चालू, दिवस-रात्र, फुकट, आणि मराठी धरून २० भाषांत बोलता येतंय, कन्नड येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावहून बसनं जाऊन येता येतंय. कोणालातरी बरोबर घेऊन जा.

पुरात परडं गेलं. आता कुठनं सुरू करायचं?

२०१९ ला आणि परत २०२१ ला वेदगंगा-दूधगंगा-कृष्णेकाठी ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचे हे प्रश्न, दर पावसाळ्यात अजून येतात. आधी घर. परडं वापसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहीपर्यंत, तसंच राहू द्या, ओल्या गाळात फावडं घातलं की माती लादीसारखी बसतीय. पुराचं पाणी लागलेली पालेभाजी, काकडी, टोमॅटो खायचं नाही, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतंय. गाळ सुकला की खालच्या मातीत मिसळून ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत पेरा, फुलावर आला की गाडून टाका, जमीन परत हाताला येतीय. गाळात काम करताना पायात गमबूट पाहिजेच, जखमेतनं लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीतनं पसरणारा ताप, होतोय. ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात काम केलंय" हे आपण होऊन सांगा. ढिगाऱ्याखाली हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघा, साप असतात.

ज्यांचं सगळंच वाहून गेलं त्यांना मी लगेच झाडं लावा म्हणत नाही. पण निवारा केंद्रात असताना डब्यात तुळस घेऊन बसलेल्या आज्जी मी बघितल्यात, आणि त्यांना ती तुळस टाकून दे असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

पैसे किती लागतात?

मेथी, धणे, मोहरी, लसूण, मोड आलेलं रताळं हे सगळं स्वयंपाकघरातच आहे. नळाला रोज पाणी येत नाही तिथं तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वापरा, साबणाचं नको. ऑनलाइन किट वगैरे घेऊ नका.

रोपं, बी, सल्ला कुठं मिळतोय?

बेळगावात ह्यूम पार्कला बागायत खात्याकडं चौकशी करा. होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या गावांच्या गटाच्या, ठिकाणी कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र असतंय, तिथं बी आणि माती तपासायची माहिती मिळतीय, बोर्ड आणि फॉर्म कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या, पटापट वाचून दाखवतंय. गोकाककडच्यांना अरभावीचं हॉर्टिकल्चर कॉलेज जवळ, बैलहोंगलकडच्यांना मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र. पण पुदिना, अळू, गवती चहा, अबोली यासाठी कुठंच जाऊ नका, गल्लीत ज्यांच्या दारात दिसतंय त्यांचं दार वाजवा आणि मागा. जाताना घरात असेल ते वाटीभर काहीतरी घेऊन जा, आणि त्यांनी "बसा की, चहा घेऊन जावा" म्हटलं तर बसा.